चांगली शिवण

प्रिय ठमाबाई,

अक्षर बघून घाबरू नकोस. मी बरी आहे, हात तेवढा थरथरतो. फोनवर मी 'सगळं छान' म्हणते, तू 'बरं' म्हणतेस, की संपलं आपलं बोलणं. म्हणून लिहायला बसले.

दुकान चालू आहे. शेजारचा किल्लीवाला अजून बेसूर गातो, दिवसभरात तेवढाच माणसाचा आवाज. परवा एका गिऱ्हाइकाच्या कोटाला काजं करायला घेतली, तर सुईत दोराच ओवता येईना. शाळेत जाण्याआधी तू मला ओळीने सुया ओवून उशीत खोचून जायचीस, आठवतं? शेवटी किल्लीवाल्याकडे गेले. त्याने ओवून दिली आणि वर म्हणाला, काकू, चष्मा बदला. मी हसून घेतलं.

चष्म्याचा काय दोष? दोष माझ्या त्या मनाच्या गोळीचा. पण दोष तरी कसा म्हणू? तिनेच मला अंथरुणातून उठवून मशीनवर बसवलं, तुझ्या वेण्या घालायला लावल्या. इतकी वर्षं इमानाने घेतली. आता हात असे, आणि रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडंही कुरकुरताहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू कमी करून बघू, पण जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मला हातही हवेत गं, आणि मनही. घरात विचारायला कोणी नाही. भिंतींशी बोलून पाहिलं, त्या कुणाचीच बाजू घेत नाहीत. फार एकटं वाटलं.

शेवटी कमी करायचं ठरवलंय, त्यांच्या देखरेखीखाली. तेव्हा त्यांनी विचारलं, तुमचं बिनसायला लागलं तर तुमच्याआधी कुणाच्या लक्षात येईल? मला स्वतःला ते कधीच कळत नाही. किल्लीवाला तर म्हणेल, काकू दिवसभर मान वर न करता शिवतात, किती कामसू बाई! तू मात्र एवढीशी होतीस तेव्हाही ओळखायचीस, की मी चांगली शिवण उसवून पुन्हा तीच घालतेय. मग माझी छोटी कात्री लपवायचीस आणि मावशीला फोन करायचीस. मी ओरडायचे तुझ्यावर. आता मावशीही राहिली नाही.

तुला न विचारताच मी तुझं नाव सांगून आले. या महिन्यापासून गोळी कमी होतेय. तेव्हा ठमे, फोनवर मी 'छान' म्हणेन त्यावर विश्वास ठेवू नकोस. आज काय शिवलंस, असं विचार. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. आणि मी रोज त्याच कोटाचं सांगायला लागले, तर मला काही न विचारता निघून ये. कात्री कुठे असते ते तुला माहीत आहे.

तुझीच,
सुया ओवून घेणारी आई