सारी-बेलची एकोणतीस ठिकाणं

बिश्केक, १३ मार्च

प्रिय बुरुलचा एजे,

सलाम. तू मिनीबसवाल्याबरोबर पाठवलेलं कुरुत पोचलं. ऑफिसात सगळ्यांनी त्या सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या मूठमूठ उचलल्या. आमच्या प्रमुख योहानाबाई जर्मनीच्या, त्यांनी एक तोंडात टाकून विचारलं, "हा दगड तर नाही ना?" इकडे बर्फ वितळतोय, रस्त्यात नुसता चिखल. माझा खोकला गेला. आयदाईचा हलणारा दात पडला का?

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर तू मोठ्या बहिणीसारखं मध्येच "जाऊ दे गं" म्हणशील आणि मी लगेच गप्प बसेन.

मक्सात जेझदेंचा रशियातून फोन येतो का? जन्मभर घोड्यावर बसलेला माणूस तिथे विटा वाहतोय, हे डोळ्यांसमोर आलं की घास उतरत नाही. मागे तुला तसं म्हटलं तर तू हसलीस. "नवरा माझा गेलाय, उपाशी तू कशाला राहतेस? जेव मुकाट्यानं." वर म्हणालीस, "तुझी काय चूक? तू फक्त नकाशा वाचून दाखवलास."

एजे, मी फक्त नकाशा वाचून दाखवला नव्हता.

आमचं काम तुला माहीत आहे. चार देश मिळून वीस वर्षांची उपग्रहाची छायाचित्रं, हवामान, मेंढपाळांनी फोनवर कळवलेली माहिती, सगळं एकत्र करतात. कुठलं कुरण थकलंय, कुठल्याला विसावा द्यायचा, हे त्यातून ठरतं, म्हणजे आयदाईच्या मुलांनाही गवत उरेल. हे खोटं नाही. पलीकडच्या खोऱ्यात दोन वर्षांत गवत परत आलंय, मी स्वतः पाहिलंय.

पण उपग्रहाला वरून नुसता हिरवा रंग दिसतो. तो गवताचा की काटेरी अल्तीगानाचा, हे कुणीतरी पायी जाऊन सांगावं लागतं. त्यावरून संगणक शिकतो. आपल्या भागातली चाळीस ठिकाणं माझ्याकडे होती. मी अकरा केली. उरलेली सगळी नदीपल्याड, सारी-बेलच्या उतारावर. त्याच आठवड्यात अल्माटीला परिषद होती, तिथे मला व्यासपीठावर बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच. मी जीप परत फिरवली. खानावळीत चहा पिता पिता एकोणतीस ओळी भरल्या: गवत, उत्तम. गवत, उत्तम.

संगणकाने माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या नकाशावरून कुरण समितीने तुमचं नेहमीचं कोक-सायचं कुरण विसाव्यासाठी बंद केलं आणि चौदा घरांना सारी-बेलला पाठवलं. सभेत जेझदे उभे राहिले, आठवतंय? "अगं पोरी, वरून हिरवं दिसतं. पण मेंढी काय वरून चरते? तिथे नुसते काटे आहेत."

तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. अर्धं मिनिट पुरलं असतं. मी म्हणाले, "जेझदे, आकड्यांना कुणाशी वैर नसतं." लोक हसले. ते टोपी हातात घेऊन खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पुढचं तू भोगलंस. काट्यांत लोकर ओरबाडली गेली, मेंढ्या हाडं घेऊन हिवाळ्यात शिरल्या, त्रेसष्टांतल्या सतरा वसंतापर्यंत टिकल्या, आणि जेझदेंना रशियाची वाट धरावी लागली.

सोमवारी मी योहानाबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती?"

"एकोणतीस."

"आणि त्यावर शिकलेला नकाशा सीमेपलीकडेही वापरतात. ठाऊक होतं ना तुला?"

ठाऊक होतं.

त्याच दिवशी नकाशा मागे घेतला. कझाक आणि ताजिक सहकाऱ्यांना पत्रं गेली. बाई म्हणाल्या, पत्रात "तपासणीतील त्रुटी" लिहू. मी म्हटलं, माझं नाव लिहा, नाहीतर लोक पुन्हा कधी कुठल्याच नकाशावर विश्वास ठेवणार नाहीत, चांगल्यावरही नाही. चौकशी चालू आहे. नोकरी बहुतेक जाईल.

येत्या शुक्रवारी समितीच्या सभेत ते पत्र वाचतील. तू तिथे बसलेली असशील, शेजारणी तुझ्या तोंडाकडे बघतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. जेझदेंना मी वेगळं लिहिलंय. त्यांना सांगायचं ओझं तुझ्यावर नाही.

मे महिन्यात येतेय. एकोणतीसच्या एकोणतीस ठिकाणी पायी जाणार, नोकरी असो वा नसो. शाळेतल्या बाईंकडे खोली विचारलीय. तुझ्या दारात उभी राहणार नाही, तू बोलावल्याशिवाय.

माफी मागत नाही एजे. मागितली तर तू देशील, हे मला ठाऊक आहे.

तुमच्या मेंढ्यांना सारी-बेलला पाठवणारी,
जिपार