आई शोधायला निघालेली लेक आणि आपली आठवी

प्रिय शैलाताई,

तुम्ही आठवीला वाचायला घेतलेलं पुस्तक आज वाचून संपलं. शेवटचं पान झालं तरी पोरं जागची उठेनात. हे घरी येऊन कुणाला सांगायचं? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुमच्यामागं वाचनाचा तास माझ्याकडे आला. भूगोल शिकवणारी मी! तुम्ही इंग्रजी पानावर नजर ठेवून सरळ मराठीत सांगत जायच्या. मला पानापानाला डिक्शनरी उघडावी लागते. "मीना, एकदा वर्गात येऊन बस गं. पोरं काय काय विचारायलीत, बघ तरी," असं किती वेळा म्हणालात! मी आपली पेपर तपासायचेत म्हणत राहिले. तुम्ही ते कसं वाचत होता, हे आता कुणाला विचारू?

आणि तुमच्यावर रागही आहे माझा. त्या दिवशी छातीत दुखत होतं, तर लगेच परभणीला का नाही निघालात? "आईला विकतात ते प्रकरण अर्धं सोडलं तर पोरी झोपायच्या न्हाईत. तास झाला की जाऊ," असं म्हणालात. तास झाला, आपण निघालोही. दवाखाना यायच्या आधी वाटेतच तुम्ही गेलात. ताई, ते प्रकरण उद्यावर गेलं असतं तर काय बिघडलं असतं?

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळातलं ते कृष्णवर्णीय कुटुंब, कापसाच्या मळ्यावर राबणारं. मालक आईला दुसरीकडे विकतो. गुलामी संपल्यावर मोठी झालेली लेक तिला शोधायला पायी निघते. आपल्या पालमच्या पोरांना हे कळेल का, असं मीच तुम्हाला विचारलं होतं. केवढं कळलं त्यांना! कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटांत कशी घुसतात, ते त्यांनीच मला सांगितलं. आणि एका पोरीनं विचारलं, "मॅडम, आईला विकत घेणाऱ्याला सोताची लेकरं नव्हती का?" तुम्ही काय सांगितलं असतं?

वर्गातल्या आपल्या प्रणालीचं तर तुम्हाला ठाऊकच नाही. त्या कुटुंबातल्या पिकल्या केसांच्या आजोबांना मालकाचा एवढासा मुलगा 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारतो, ते मी वाचलं. त्याच संध्याकाळी प्रणालीनं घरी आजोबांना विचारलं, "आबा, किसनमामा तुमच्याहून मोठे हायत. मग आपण त्यांना किसन्या का म्हणतो?" किसनमामा म्हणजे त्यांचे सालगडी. हयात त्यांच्याच शेतात गेलेली.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत हजर.

"बाई, आमी त्येला इकत आणलाय का? साल ठरवून ठिवलाय. तुमी आमच्या पोरीला काय शिकवायलाव?"

"आबा, पुस्तकात तुमचं नाव नाही. प्रश्न तिला पडलाय."

"असले प्रश्न पडायचे असतील तर त्या तासाला ती बसनार न्हाई."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मीही पुस्तक उचलून वर्गावर गेले. तुम्ही असता तर आबांना बसवलं असतं, चहा मागवला असता आणि गोडीत त्यांनाच गोष्ट ऐकवली असती. मला हे सुचलं घरी आल्यावर. काय उपयोग!

त्यानंतर प्रणाली त्या तासाला ऑफिसात बसून शुद्धलेखन लिहायची. आज शेवट ऐकताना बाकीच्या पोरी रडल्या. जिनं गोष्ट घरापर्यंत नेली, तीच तेवढी वर्गात नव्हती. ही बोच जात नाही, ताई.

शाळा सुटल्यावर ती स्टँडवर भेटली. बाजार करून आलेले किसनमामा सोबत होते. मला बघताच म्हणाली, "मॅडम, सापडली का तिची माय?"

मी तिथंच उभ्याउभ्या सांगायला लागले. तेवढ्यात गाडी लागली. कंडक्टर ओरडला, पण प्रणाली हलेना. "मामा, मागच्या गाडीनं जाऊ ना."

"जाऊ की," म्हणत त्यांनी पिशवी खाली ठेवली. "बोला बाई. फुडं काय झालं?"

लेक दारात उभी राहते, पण म्हातारी झालेली आई तिला ओळखतच नाही, असं मी सांगितलं. प्रणालीचा चेहरा पडला. किसनमामा हळूच म्हणाले, "लय वरसं गेली ना मधी." मग मी सांगितलं, की लेक तिथंच पायरीवर बसून आपल्या लहानपणीचं एकेक सांगत जाते, आणि अंधार पडता पडता आई तिच्या तोंडावरून हात फिरवते. मग मागची गाडी आली आणि किसनमामांनी पिशवी उचलली.

ताई, उद्या रविवार आहे. मी आबांच्या घरी जाणार आहे. जूनला नववीत नवं पुस्तक सुरू होईल तेव्हा प्रणाली वर्गात पाहिजे, एवढंच त्यांना सांगायचंय. ते चिडतील. नाही म्हणाले तर पुढच्या रविवारी परत जाईन. ती बाकावर येऊन बसेपर्यंत जात राहीन, हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची,
मीना