दाजींची अभ्यासाची वेळ

नांदे, ता. मुळशी
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

ती. सौ. शारदाताईस,

जनार्दनचा नमस्कार, दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून. आषाढात क्षितिजाला आमच्याकडे सोडून तुम्ही दोघं लातूरकडे परतलात, त्यानंतर मी एक ओळही पाठवली नाही याची आधी माफी मागतो. कामाचा व्याप होता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. सुरुवातीला लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि नंतर जे होतं ते लिहायचा धीर नव्हता. तुझे गुडघे कसे आहेत? वैद्यांनी दिलेलं तेल लावतेस का (लावत नसशील)? दाजींची तब्येत ठीक आहे, हे मला माहीत आहे. ते मला कसं माहीत, हाच या पत्राचा विषय आहे आणि म्हणूनच हे फोनवर न सांगता टपालानं पाठवतो आहे. तुझा बटणांचा फोन पुष्कळदा दाजीच उचलतात. पण घरी आलेलं पाकीट ज्याच्या नावाचं त्यानंच फोडायचं हा त्यांचा नियम आहे, आणि शाळेच्या कचेरीत केस पांढरे केलेला माणूस स्वतःचा नियम मोडत नाही, एवढ्या भरवशावर लिहितो.

क्षितिजा सुखरूप आहे, हे आधी सांगायला हवं होतं. आता सांगितलं.

निघताना दाजी गाडीत बसता बसता जे म्हणाले ते तुझ्यासमोरच झालं. "जनार्दन, पोरगी तुझ्या हवाली, आन् मोबाईल तुझ्या ताब्यात. दिवाळीला बघू, ठेवायची का न्यायची." बापलेक त्या दिवशीही एकमेकांशी बोलत नव्हते. सगळ्या महाराष्ट्रातली मुलं डॉक्टर व्हायला लातूरला येतात, आणि आपली मुलगी लातूरच्या दारातून उठून इतिहास शिकायला मुळशीत जाते, हे दाजींना पचलं नाही. ते मी समजू शकतो. (इतिहास शिकून पुढे काय, हे मलाही नीट सांगता येत नाही. मी संगणक शिकून पुढे हिंजवडीच्या सिग्नलला रोज उभा असतो, हा काही फार मोठा दाखला नव्हे.) पण मोबाईल ताब्यात ठेवायचा म्हणजे काय करायचं? तिच्या उशाखालून काढून घ्यायचा? तिचे निरोप वाचायचे? मला ते चोरीसारखं वाटलं. महिना-दीड महिना विचार करून मी ठरवलं की पालकांसाठी जे अ‍ॅप मिळतं ते तिच्या देखत, तिला विचारून लावायचं.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसलो. क्षितिजा समोर मेथी निवडत होती. अटी आणि शर्ती मी तिला मोठ्यानं वाचून दाखवल्या. (त्या कुणी वाचत नाही असं ऑफिसात म्हणतात. मी वाचतो. वाचल्याशिवाय "वाचल्या" असं कसं म्हणायचं?) मग एक चौकोन आला. त्यापुढे लिहिलं होतं, "मी या मुलाचा पालक आहे." तिथे माझं बोट थांबलं. मी मामा आहे. पालक दाजी आहेत, तू आहेस. खोट्या विधानावर खूण करून मुलीला खरेपणा कसा शिकवणार, असं मी बोलून दाखवलं. तुझी भावजय स्वरदा आतून म्हणाली, "टिचकी मार आणि मोकळा हो, दत्तकविधान नाही चाललेलं." आमच्या घरात असले शब्द सहसा कुणी उच्चारत नाही, आणि तिच्याही तोंडून तो नकळत गेला होता. क्षितिजानं मेथीची जुडी दुसरीकडून सोडायला घेतली. मी खूण केली. का केली, ते त्या रात्री डायरीत लिहायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

माझ्या मनाचं समाधान व्हावं म्हणून मी खऱ्या पालकांनाही त्यात घ्यायचं ठरवलं आणि दाजींच्या मोबाईलवर दुवा पाठवला. चूक झाली ती इथे. दुवे दोन होते, एक दुसऱ्या पालकासाठी आणि एक मुलासाठी, आणि दिसायला जुळ्या भावांसारखे. मी कोणता पाठवला ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तरीही सगळं सावरलं असतं, कारण तिथे नाव आणि जन्मतारीख विचारतात. दाजींनी मला फोन करून विचारलंच, "नाव कुणाचं टाकू?" मी तेव्हा अटींच्या उरलेल्या पानांत होतो. मला वाटलं, मुलीचं नाव विचारताहेत. मी म्हणालो, "क्षितिजाचं." दाजींनी स्वतःच्या मोबाईलवर मुलीचं पूर्ण नाव, मुलीची जन्मतारीख, सगळं शुद्ध आणि स्पष्ट भरलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे प्रवेशअर्ज भरलेल्या माणसाला समोरचा अर्ज आपलाच असेल अशी शंका येत नाही. त्या क्षणापासून त्या मोबाईलच्या लेखी दाजी सोळा वर्षांचे झाले.

माझ्याकडे दोन नावं आली. एक मी तिच्या मोबाईलवर भरलेलं नुसतं "क्षितिजा", दुसरं "क्षितिजा हैबतराव". एकाच मुलीची नोंद दोनदा झाली असं समजून मी अपुरी होती ती काढून टाकली आणि पूर्ण नावाला नियम लावले: संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासाची वेळ. त्या वेळात साधा फोन चालेल, बाकी सगळं बंद. म्हणजे, ताई, ज्याला मूल नाही अशा माणसाच्या पदरात त्या दुपारी एक मूल पडलं, आणि ते माझे दाजी होते.

पुढचे तीन आठवडे मी समाधानात होतो. सात वाजले की क्षितिजा आपण होऊन मोबाईल फ्रीजवर पालथा ठेवायची आणि वही काढायची. मी स्वरदाला म्हणालोही, यंत्राचा धाक बघ कसा असतो. (तिच्या मोबाईलला कसलंच कुलूप नव्हतं. ती नुसतीच शहाणी मुलगी आहे. हे ओळखायला मला यंत्र बिघडावं लागलं, म्हणजे माझीच परीक्षा झाली.) पण ती उदास असायची. जेवताना बोलेनाशी झाली. एकदा बापाचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "दिवाळीची वाट कशाला बघायची मामा, मीच जाते परत. अण्णांना तेच हवंय." मला वाटलं, घरची आठवण येत असेल. खरं कारण असं होतं की तू तिला संध्याकाळी दाजींच्या मोबाईलवरून व्हिडिओ लावायचीस, तो बंद पडला होता. दुपारी साध्या फोनवर तू "रेंज नाही" म्हणालीस, कारण तुला दाजींनी तेच सांगितलं असणार. तिनं अर्थ काढला की अण्णांनी आईचा चेहरा दाखवणंसुद्धा बंद केलं. ती हे माझ्याशी बोलली नाही. आणि तिच्या मोबाईलची इतकी काळजी घेणाऱ्या मला तिला विचारायचं सुचलं नाही.

गेल्या मंगळवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझ्या मनात पाल चुकचुकली. ती कुठे आहे हे सहसा बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तिचं ते "मीच जाते परत" डोक्यातून जाईना. बघितलं. अ‍ॅपच्या नकाशावर क्षितिजा लातूरच्या बसस्थानकावर होती. ताई, तुला काय सांगू, दाजींना काय सांगू, पोरगी रातोरात गाडीत बसली आणि मामाला पत्ता नाही! सकाळी तिला डबा मीच दिला होता, हे त्या घटकेला आठवलं नाही. नकाशाच्या टिंबावर मी डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला. साहेबांना घरी अडचण आहे म्हणालो (खोटं नव्हतं) आणि गाडी काढली. हिंजवडीतून बाहेर पडायलाच एवढा वेळ लागला की चालत निघालो असतो तरी चाललं असतं. नांद्याच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरं आली. मी हॉर्न दाबून धरला. मागून येणारी मेंढपाळाची बाई खिडकीशी आली आणि म्हणाली, "वाजवून मेंढरू पळतंय व्हय? त्येला काय कळतंय, तुमाला लई घाई हाय ते." मी हॉर्न सोडला आणि थांबलो असताना स्वरदाला फोन लावला. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "तिला फोन केलास का?"

केला नव्हता.

केला. क्षितिजा कुजबुजली, "मामा, तास चालू आहे. काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, डब्यातली भाजी बरी होती का. ती म्हणाली, बरी होती. मेंढरं केव्हाच पार झाली होती, तरी मी तिथेच उभा होतो. मग मागच्यांनी हॉर्न दाबून धरले.

संध्याकाळी तिघांनी मिळून शोध घेतला तेव्हा लातूरच्या बसस्थानकावर कोण होतं ते कळलं. मंगळवारी पगारबिलं घेऊन लातूरला जाणारा आपल्या घरात एकच माणूस आहे. आणि अ‍ॅपच्या कोपऱ्यातल्या घंटेवर, जी मी जाहिरात समजून कधी उघडली नव्हती, तीन निरोप पडून होते. "तुमच्या मुलाने परवानगी मागितली आहे."

हे असं होतं की सात वाजले की दाजींच्या मोबाईलवर जांभई देणारं अस्वल येतं, खाली लिहिलेलं असतं, "अभ्यासाची वेळ झाली, चल, वही काढ," आणि एक जागा असते जिथे मुलानं आपलं म्हणणं लिहायचं. दाजींना वाटलं, ते कंपनीकडे जातं. पहिला अर्ज असा: "मा. व्यवस्थापक साहेब, विषय: सायंकाळी मोबाईल बंद राहत असल्याबाबत. अर्जदाराचे शिक्षण पूर्ण झालेले असून कोणताही अभ्यास शिल्लक नाही. तरी मोबाईल सुरू करावा." दुसरं होतं स्मरणपत्र. त्यात अस्वलाचं चित्र ज्येष्ठांस शोभत नाही असं नमूद केलं होतं. इथपर्यंत आम्ही हसत होतो, आणि क्षितिजा सगळ्यांत जास्त. तिसरा तिनं मोठ्यानं वाचायला घेतला आणि मध्येच आवाज बंद करून मनात वाचला. मग मोबाईल माझ्याकडे सरकवला. तो जसाच्या तसा उतरवतो:

"महोदय, खरे कारण नमूद करीत आहे. अर्जदाराची मुलगी शिक्षणासाठी परगावी आहे. तिची आई सायंकाळी या मोबाईलवरून तिच्याशी व्हिडिओवर बोलते. त्या वेळी अर्जदार बाजूस बसून मुलीस पाहतो. अर्जदार स्वतः दिसत नाही व बोलत नाही. साध्या फोनवर मुलगी दिसत नाही. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

क्षितिजा म्हणाली, "आई बोलताना कुणीतरी खोकायचं. मला वाटायचं, टीव्ही चालू असेल."

मी लगेच कुलूप काढायला निघालो. तिनं माझा हात धरला. "फक्त आजच्यापुरतं मंजूर कर मामा. उद्या परत लिहू देत." मी म्हटलं, अगं, बाप आहे तो. ती म्हणाली, "म्हणूनच. मला नाही लिहीत. तिथे माझ्याबद्दल लिहितात."

म्हणून, ताई, मंगळवारपासून व्हिडिओ पुन्हा लागतो आहे आणि दाजी रोज एक अर्ज करताहेत. बुधवारी लिहिलं, "काल सेवा सुरू केल्याबद्दल आभार. मुलगी वाळलेली दिसते. मामाकडे आबाळ होत असावी, तथापि तो विषय आपल्या अखत्यारीत नाही." (स्वरदाला हे लागलं आहे. तेव्हापासून पोळीवर तूप दुप्पट झालं.) शुक्रवारी: "मुलीने केस कापले आहेत. बरे दिसतात." क्षितिजा सात वाजायच्या आधीच माझ्या मोबाईलशी येऊन बसते, अर्ज आला की वाचते, आणि मंजुरीचं बटण स्वतः दाबते. परत जाण्याची भाषा तिनं सोडली आहे.

पण मला हे बरोबर वाटत नाही. बापानं स्वतःच्या मुलीला बघायला मेहुण्याकडे अर्ज करायचा, आणि तोही आपण मेहुण्याला करतो आहोत हे माहीत नसताना? कुलूप काढणं एका बोटाचं काम आहे, आणि मी रोज ते करत नाही. रोज डायरीत दोन्ही बाजू मांडतो. दाजींच्या बाजूला पुष्कळ लिहून होतं. मुलीच्या बाजूला एकच ओळ असते, तरी ते पारडं खाली जातं. तू मोठी आहेस, तूच सांग.

स्वरदाचा नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा भाऊ,
जनार्दन

ता. क. दाजींना यातलं काही सांगू नकोस. अर्ज मी वाचतो हे कळलं तर ते दिवाळीला येणार नाहीत, आणि आले तर माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत.

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण वरच्या मजकुरात आलंच नाही. व्हिडिओ लागला की तू मोबाईल अगदी तोंडासमोर धरतेस. तो जरा दाजींच्या बाजूला कलवत जा. रोज थोडा थोडा, त्यांच्या लक्षात येणार नाही असा. आधी खांदा दिसू दे. ज्या दिवशी ते स्वतः समोर येऊन तिच्याशी बोलतील, त्या दिवशी कुलूप काढीन.

ता. क. क्षितिजाच्या स्वतःच्या मोबाईलला अजून काहीच लावलेलं नाही. लावायचा विचारही नाही. दाजींनी विचारलं तर मोबाईल ताब्यात आहे असं सांग. कुणाचा, ते त्यांनी विचारलेलं नाही.

उद्याचं काम (डायरीऐवजी इथेच लिहितो): सात वाजता दाजींचा अर्ज मंजूर करणे.