न कापलेल्या नळीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तळ्यांच्या गाळावरून जुने हवामान शोधणारी निवृत्त संशोधक, हे मृत्युपत्र शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. धाकट्या दिरांनी तो जरूर वाचावा. त्यांना लग्नापासून शंका आहे.

कलम पहिले. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीची. अट कोणतीही नाही. अटी घालणारी माणसे मेल्यावरही घरात वावरतात.

कलम दुसरे. सूक्ष्मदर्शक, चाळण्या आणि गाळ चिरायची तार संस्थेला द्यावी. तार पियानोची आहे, तिने कोणी भिंतीवर फोटो टांगू नये.

कलम तिसरे. पुस्तके दिरांना. वाचतील अशी आशा नाही, पण त्यांच्या कपाटात भरपूर जागा आहे.

कलम चौथे. जेवणाच्या खोलीत फुलवाल्याकडून घेतलेला लांब फ्रिज आहे. त्यात माझ्या उंचीची, तळ्याच्या तळात उभी खुपसून काढलेली, अजून न उघडलेली गाळाची नळी आहे. संस्थेची शीतखोली बंद झाली तेव्हा मी ती घरी आणली. मुलगी म्हणाली, "आई, घरात माणसं दोन, फ्रिजही दोन, आणि त्यातला मोठा चिखलाचा!" तरी वीज गेली की बर्फ आणायला तीच धावते. त्या तळ्याचा तळ पुढे यंत्राने खरवडून काढला, त्यामुळे आता दुसरी नळी मिळणे नाही.

त्या तळ्याच्या गाळात मधोमध एक फिकट पट्टा आहे; तो आम्ही आधी काढलेल्या नळीत पाहिला. माझ्या मते तळे दोन पिढ्या आटलेले होते, त्याचे हे क्षार. माझा सहकारी, परागकण मोजतो म्हणून आम्ही त्याला परागवाला म्हणतो, त्याच्या मते एका पुराने एका दिवसात टाकलेली ही माती. वाद साधा नाही. धरणे बांधणारे आम्हाला विचारतात की दुष्काळ जास्तीत जास्त किती लांबू शकतो, आणि आम्ही दोघे दोन उत्तरे देतो. आधीच्या नळीवरून निकाल लागला असता. पण ती परागवाल्याने उलटी ठेवून चिरली, आणि दोन महिने आम्ही इतिहास शेवटाकडून वाचत बसलो; चूक कळेपर्यंत गाळ वाळून निकामी झाला होता. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. या नळीच्या वरच्या टोकाला मी लाल रंगाने मोठ्ठे 'वर' लिहिले आहे.

पट्ट्याच्या वर मात्र पुन्हा लव्हाळ्याची मुळे आणि झाडांचे पराग आहेत, यावर आमचे एकमत आहे. पाणी परत आले होते. त्या पुराव्यावर मी आयुष्यभर आनंदात जगले.

ही नळी परागवाल्याला द्यावी. माझ्या शिष्यांनी उघडली तर त्यांना माझेच म्हणणे दिसेल; त्याने उघडली तर खरे काय ते दिसण्याची शक्यता अधिक.

येथपर्यंतचा मजकूर आज साक्षीदारांसमोर, म्हणजे वकीलबाई आणि मी चिठ्ठी पाठवून बोलावलेला परागवाला यांच्यासमोर, वाचला. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना वस्तू मिळणार, त्यांनीच साक्षीला सही करणं बरं दिसत नाही."

परागवाला चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "मग सही करतो, नळी नको. तू गेल्यावर मी वाद जिंकून काय करू? भांडू कुणाशी?"

मी म्हटले, "आणि हरलास तर?"

"तर तुझं तोंड बघायला मिळेल. सोमवारी उघडू या. 'वर' मी वाचलंय, घाबरू नकोस."

मला रडू आले, हेही नोंदवते.

कलम पाचवे. चौथे कलम रद्द. नळी सोमवारी सकाळी आम्ही दोघे मिळून उभी चिरू. एका अर्ध्यावर आम्ही काम करू. दुसरा अर्धा, हात न लावता, मुलीने गार ठेवावा. आम्ही दोघेही चुकलो होतो असे ज्या कोणाला पुढे वाटेल, त्याची तो मालमत्ता आहे. त्याने मागताच द्यावा.

स्थळ: राहते घर, जेवणाची खोली
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. परागवाला, निवृत्त संशोधक (पट्ट्याबाबतचे मत राखून)
२. वकीलबाई