सात आसनी गाडीविषयीच्या सतरा तक्रारी

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९.१०
कंपनीचे पत्र आले. आमच्या मॉडेलच्या सर्व गाड्या रिकॉल केल्या आहेत. ब्रेक पेडलच्या सेन्सरमध्ये दोष संभवतो. अधिकृत वर्कशॉपमध्ये तो विनामूल्य बदलून मिळेल. चाळीस मिनिटे लागतील. पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आणि एक निराधार स्वल्पविराम. (छापखान्यात छत्तीस वर्षे मुद्रितशोधक होतो. डोळा चुकत नाही.) तरीही पत्र वाचून अतीव समाधान झाले.

ही गाडी एका दंतवैद्याकडून वापरलेली घेतली, त्यास चौदा महिने झाले. ती अडखळते, असे मी पहिल्या दिवसापासून सांगत आहे. चिरंजीव म्हणतात, "बाबा, मी चालवतो तेव्हा नाही हो अडखळत." त्यांचे लक्ष नसते.

सूनबाईनेही पत्र वाचले. गाडी सुरक्षित आहे असे कंपनीकडून लेखी आल्याशिवाय टिकली तीत बसणार नाही, तोवर स्कूलबसने जाईल, असे तिने जाहीर केले. टिकली म्हणजे माझी नात. वय वर्षे सात. तिला शाळेत सोडणे ही निवृत्तीनंतरची माझी एकमेव नेमणूक आहे. मी म्हणालो, मलाही लेखीच हवे आहे. या घरात प्रथमच एकमत झाले.

संकल्प : एवढासा सेन्सर बदलून कंपनीला सुटू द्यायचे नाही. आधी तक्रारींची यादी, मग गाडी.

८ ऑक्टोबर. दुपारी ४.००
यादी पूर्ण. सतरा तक्रारी. त्यांपैकी ठळक :
क्र. ३ : पुढे जाताना कोणी मागे ओढत असल्याचा भास होतो.
क्र. ६ : उतारावर जळका वास.
क्र. ९ : ब्रेकचे पॅड वर्षात तीनदा बदलावे लागले.
क्र. १४ : मागची वाहने अकारण हॉर्न वाजवतात.
क्र. १५ : मागचे लाल दिवे सतत पेटलेले असतात. (हे चिरंजीवांचे निरीक्षण. क्र. १४ शी संबंध दिसत नाही.)

तक्रारदाराकडून हलगर्जी नाही हे स्पष्ट व्हावे म्हणून पान पाचवर नमूद केले : 'ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसल्याने डाव्या पायास काम उरत नाही. संकटसमयी विलंब होऊ नये म्हणून मी तो प्रवासभर ब्रेकवर सज्ज ठेवतो.' हे वाक्य सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे एका पायानं पुढे आणि एका पायानं मागे. संसारही असाच केलात." तिला यंत्रशास्त्र अवगत नाही.

९ ऑक्टोबर
पत्र रवाना. सात पाने, तळटिपा वेगळ्या. कंपनीत आज धावपळ उडेल.

१४ ऑक्टोबर. सकाळी ११.२०
धावपळीचे वृत्त नाही. हेल्पलाइनला फोन केला. तेथील मुलगी म्हणाली, "सर, गाडी कधी आणताय? उद्या अकराचा स्लॉट आहे." आधी सतरा मुद्द्यांचे उत्तर, असे मी बजावले. तिने विचारले, मग सेन्सर बदलून घ्यायचाच नाही का? मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने काहीतरी टाइप केले. बहुधा तत्त्वच.

१७ ऑक्टोबर
टिकलीला बसथांब्यापर्यंत पोहोचवतो. बस दिसताच ती हात सोडवून धावत सुटते. मागे वळूनही पाहत नाही. दुःख लपवण्याची ही हातोटी तिने माझ्याकडून उचलली असावी.

सौ.चे म्हणणे, "हट्ट सोडा, पोरीला बस आवडायला लागलीय." अशक्य.

२१ ऑक्टोबर
कंपनीचे उत्तर आले. एकच ओळ. माझ्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार मानले आहेत. 'बहुमोल' शब्दातून त्यांची घबराट उघड होते. पराभूतांस फार ताणू नये, म्हणून गाडी नेण्याचे ठरवले. मात्र अट घातली, तीही पत्राने : प्रत्येक तक्रारीची तपासणी माझ्यासमक्ष व्हावी आणि निष्कर्ष सही-शिक्क्यासह लेखी द्यावा. ती मान्य आहे का, हे फोनवर विचारले. मुलगी लगेच "हो सर" म्हणाली. कंपनी पुरती नमली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. सायंकाळी ५.३०
वर्कशॉप. सेन्सर बदलण्यास अडतीस मिनिटे लागली. (पत्रात चाळीस म्हटले होते. नोंद घेतली.)

मग फोरमनने गाडी फिरवून आणली. उतरून म्हणाला, "काका, एक नंबर गाडी आहे." मी म्हणालो, ती खरे रूप केवळ मलाच दाखवते, शेजारी बसा. मी चालवू लागलो. गाडी अडखळली. वास आला. मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवला. तीन तक्रारी पाच मिनिटांत सिद्ध! मी विजयी मुद्रेने फोरमनकडे पाहिले. तो माझ्या पायांकडे पाहत होता.

म्हणाला, "काका, तो डावा पाय जरा उचला बघू."

उचलला. गाडी निमूट चालू लागली. योगायोग.

चौकात समोरून सायकल आली. डावा पाय आपणहून ब्रेकवर गेला आणि तेथे पूर्ण ताकदीने गेला, तर उजवा ॲक्सिलरेटरवरच राहिला. इंजिन किंचाळले. फोरमनचे कपाळ डॅशबोर्डपासून चार बोटांवर थांबले. सायकलवाली बाई मला जे म्हणाली ते व्याकरणदृष्ट्या अपूर्ण वाक्य होते, परंतु अर्थ पोहोचला. परतताना फोरमनने गाडी चालवली.

वर्कशॉपमध्ये शिरल्यावर मी त्यास सुचवले की तुम्ही कामात आहात, लेखी काही नसले तरी चालेल. तो म्हणाला, "छे हो काका! तुम्हीच लिहिलंय ना, सही-शिक्क्यासह?" आणि लिहायला बसला.

अहवाल येणेप्रमाणे : 'सेन्सर बदलला आहे. वाहन पूर्णतः सुरक्षित आहे. उर्वरित तक्रारींचे कारण एकच आहे. चालक प्रवासभर ब्रेक दाबून ठेवतात. तसे त्यांनी पान पाचवर स्वतः नमूद केले आहे.'

तीनदा वाचला. दुर्दैवाने एकही चूक सापडली नाही.

त्याच दिवशी, ८.१५
सूनबाईने अहवाल मागितला. ती हसली नाही. तिच्या वाट्याचेही सौ. हसली. चिरंजीव खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. बाहेर पाहण्यासारखे काहीही नव्हते.

सूनबाई हळू आवाजात म्हणाली, "बाबा, गाडी सेफ आहे. टिकली उद्यापासून गाडीनंच जाईल. मी सोडत जाईन." मग थांबून म्हणाली, "तुम्ही बसा की मागे, तिच्याजवळ."

विचार करून लेखी कळवतो, असे मी सांगितले.

संकल्प : अहवालाविरुद्ध अपील. या खेपेस सात पाने पुरणार नाहीत.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ८.५०
मागच्या आसनावर बसलो, अर्थात देखरेखीसाठी. सूनबाईच्या चुका टिपण्यास वही घेतली होती. गाडी अडखळली नाही. वास आला नाही. हॉर्न वाजला नाही. वही कोरी.

शाळेच्या फाटकापाशी टिकलीने माझ्या कानाशी तोंड आणले. म्हणाली, "आजोबा, आज मला मळमळलं नाही."

एरवी मळमळते का, असे विचारले.

म्हणे, "तुम्ही चालवता तेव्हा रोज."

मग इतके महिने बोलली का नाहीस, असे विचारले. तिने दप्तर पाठीला लावले, आई ऐकत नाही ना हे पाहिले आणि म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि मग तुम्ही कंपनीला पत्र लिहीत बसला असता."

खरे आहे. बसलो असतो.