सांगून निघालो, माय

प्रिय माय,

आज सकाळी परीनं दारातून हात हलवला आणि म्हणाली, "जा पप्पा." रडली नाही! हे कोणाला सांगू? मिलमधले हसतील. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तुलाच लिहायला बसलो. शाळा सुटल्यापासून पेन धरलेला नाही, अक्षर गोड मानून घे.

तू गेलीस तेव्हा तुझी नात रांगत होती. आता तुरुतुरु पळते. इथं सुरतला मी कपड्याच्या मिलमध्ये, रेखा साड्यांना टिकल्या लावायच्या कारखान्यात. एकाच्या पगारात भागत नाही, म्हणून परीला शेजारच्या अक्कांकडे ठेवतो. अक्का आपल्या धुळ्याकडच्याच.

रोज तिला अक्कांच्या टीव्हीसमोर बसवायचं आणि ती कार्टूनमध्ये गुंगली की चपला हातात घेऊन पसार व्हायचं. रेखा म्हणायची, "स्वतःच्या पोरीपासून चोरासारखे पळता, लाज नाही वाटत?"

"तू तरी काय करतेस? पदर सोडवून पळतेसच ना?"

ही विद्या मी कोणाकडून शिकलो, माय? तुझ्याकडूनच!

तू आणि आबा रावेरला केळीच्या कामाला, मी भडगावला मामाकडे. तू भेटायला यायचीस, डोक्याला तेल चोळायचीस आणि म्हणायचीस, "तू आठे बैस, मी आते येस." मी ओट्यावर बसून राहायचो. मामी दिवेलागणीला बाहेर आली की कळायचं, तुझी एसटी कधीच गेली. किती वेळा फसलो गं! नंतर तर तू आलीस तरी आनंद व्हायचा नाही, लक्ष सगळं तुझ्या पिशवीवर. पोरगं एका जागी बसत नाही, असं तू सगळ्यांना सांगायचीस. कसा बसेन? बसलं की आपलं माणूस निघून जातं, एवढंच मला कळलं होतं.

शेवटची गेलीस तीही तशीच. सकाळी फोनवर म्हणालीस, "बरी शे मी, तू कामले जाय." संध्याकाळी मामाचा फोन. इतका राग आला होता तुझा, की तुझ्या मातीलाही मी रडलो नाही.

पुढं परी मला संडासलाही जाऊ देईना. दाराबाहेर बसून हाका मारायची, "पप्पा, आहे का?" मी वैतागून रेखाला म्हटलं, "हिला धुळ्याला तुझ्या आईकडे ठेवू." तिकीटसुद्धा काढलं. रेखानं बोलणंच टाकलं.

अक्कांच्या कानावर गेलं. त्यांनी मला दारातच धरलं. "तू तिले सांगीसन का जात नही रे भाऊ?"

"रडते ना अक्का."

"मंग रडू दे. मी शे ना आठे! पोरले बठ्ठं समजस."

एवढ्याशा पोरीला सगळं समजतं म्हणे! दुसऱ्या दिवशी परीपुढं उकिडवा बसलो. "पप्पा कामाला जातोय. तू झोपून उठलीस की आई येईल. मग मी." काय बोंबलली! गल्ली गोळा झाली. माझा पाय निघेना. कोपऱ्यावर जाऊन कान देऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं बाईसाहेब अक्कांकडे बिस्कीट मागत होत्या!

तिथंच उभ्या उभ्या मला तू कळलीस, माय. माझं रडणं तुला सोसवत नव्हतं. आणि मला वाटायचं, मी तुला नकोच होतो! केवढं ओझं वाहिलं मी उगाच. राग गेला बघ सगळा. पण एकदा तरी सांगून जायचंस ना! रडून गप्प झालो असतो की.

धुळ्याचं तिकीट रद्द केलं. रेखा म्हणाली, "आता कुठं बाप शोभता."

तुला शब्द देतो. काम बदलेल, गाव बदलेल, माझं काही सांगता येत नाही. पण या पोरीला फसवून मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. आणि येतो म्हटलं की येईन.

आज रेखाला उशीर आहे. परीला घ्यायला मीच येणार, असं सकाळी सांगून आलोय. ती खेळत असेल. दाराकडे बघतही नसेल.

तुझा,
सुन्या