मागच्या दाराचा उतार

नॉर्डाल, मिनेसोटा
३ सप्टेंबर १९७८

चि. मार्लिस हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या त्या टूसॉनच्या उन्हाचं कौतुक पुरे; इथे सकाळी स्वेटर लागायला लागलाय.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची तब्येत बरीच सुधारली आहे. उजवा हात अजून ऐकत नाही, पण बोलणं नीट कळतं आणि खवचटपणा तर पुरता परत आलाय. परवा नर्सला म्हणाले, की तुमची कॉफी प्यायलो तर दुसरा झटका येईल. शुश्रूषागृहातले डॉक्टर म्हणतात, खुशाल घरी न्या. फक्त चाकाच्या खुर्चीसाठी मागच्या दारी उतार हवा, आणि खालच्या मजल्यावर बाथरूम. तोवर सोडणार नाहीत. बाबा रोज माझा हात धरून विचारतात, की झालं का, कधी नेतेस. त्यांना दुसरं काही सुचत नाही.

काम गेलनला दिलंय. आसेनांचा धाकटा, चर्चच्या गायनात तुझ्या मागे उभा राहून बेसूर गायचा तो. आता कंत्राटं घेतो. आईने रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता त्याला विचारलं, तो हो म्हणाला, हात मिळवले, झालं.

तू उगाच रजा काढू नकोस. आमचं बरं चाललंय. सवडीने ये. मुलांना पापा, आणि आम्हां म्हाताऱ्यांना विसरू नकोस.

तुझी ताई,
लव्हॉन

टूसॉन, ॲरिझोना
१७ सप्टेंबर १९७८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, गेलन? अगं, तो गाण्याच्या तालमीलासुद्धा वेळेवर यायचा नाही! रागावू नकोस, पण त्याने अलीकडे कुणाचं काम केलंय, ते धड केलंय का, हे दोन घरी जाऊन विचारलंस? कधी पुरं करणार ते लिहून घेतलंस? इथे आमच्या फरश्या बसवायच्या होत्या तेव्हा मी येईल त्या कंत्राटदाराची अशी उलटतपासणी घेतली, की माझा नवरा लाजून गराजमध्ये जाऊन बसला. पण काम झालं बरं का! नुसते हात मिळवून बाथरूम होत नाही गं.

आणि मुख्य म्हणजे, बाबा घरी यायला तळमळतायत, हे कुणी त्याला सांगितलंय का?

आईला माझा नमस्कार. बाबांना सांग, की तुमची मार्लिस अजून तशीच भांडकुदळ आहे. माया राहू दे.

तुझीच,
मार्लिस

नॉर्डाल
१५ ऑक्टोबर १९७८

चि. मार्लिस हीस,
अनेक आशीर्वाद.

लिहून कसलं घेतेस? त्याच्या वडिलांनी आणि आपल्या बाबांनी मिळून चर्चचं छप्पर घातलं. त्याच्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणायचं.

पण तुझं खरं ठरतंय. गेलनने कोठीची भिंत पाडली, नळांची तोंडं बंद केली आणि गेला. स्वयंपाकघरात प्लास्टिकचा पडदा फडफडतोय. मिनिआपोलिसच्या कुणा दंतवैद्याची तळ्याकाठची कॉटेज त्याने बांधायला घेतली आहे, तिकडेच असतो. दर शनिवारी येतो मात्र. टोपी काढून दारात उभा राहतो, उशीर होतोय म्हणतो. आई त्याला कॉफी देते, खजुराच्या वड्या देते, आणि म्हणते, की अरे, घाई कुणाला आहे, तुझ्या सोयीने कर. तो गेला की ओट्याला टेकून रडते. मी विचारलं, की मग खरं का सांगत नाहीस, तर म्हणे, बिचाऱ्याला वाईट वाटेल.

मी सांगणार होते. त्याच्या गाडीपर्यंत गेलेसुद्धा. यंदा बर्फ लवकर पडेलसं दिसतंय, असं म्हणून परत आले. हस तू. तुला तिकडे जाऊन तोंड फुटलं. आम्ही पडलो इथलेच.

शनिवार आला की बाबा नर्सकडून कोट चढवून घेतात. आज गेलन काम संपवेल, आणि लव्हॉन न्यायला येईल, म्हणून.

तुझी काळजी मला आहेच, माझी तू करू नकोस.

ताई

टूसॉन
२२ ऑक्टोबर १९७८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बास झालं आता. तो कोट वाचून मला घास उतरेना. मी तुमच्या तालुक्याच्या गावी फोन करकरून एक कंत्राटदार शोधलाय, प्रोकोप म्हणून. त्याने ज्यांची कामं केली त्यांनाही फोन केले. एक बाई म्हणाली, की माणूस तुसडा आहे, दिलेली कॉफी पीत नाही, पण सांगितल्या दिवशी येतो आणि काम संपल्याशिवाय हलत नाही. मला अस्साच तुसडा हवाय!

जमीन गोठायच्या आत खड्डे खणून उताराचे खांब उभे करतो म्हणालाय. घराच्या मालकिणीने स्वतः फोन करून हो म्हणावं, एवढंच त्याचं म्हणणं. नंबर पाकिटावर लिहिलाय. आईला फोनपाशी बसव. ताई, मी हात जोडते.

तुझी,
मार्लिस

नॉर्डाल
२६ नोव्हेंबर १९७८

चि. मार्लिस हीस,
अनेक आशीर्वाद.

आईने फोन केला नाही. रिसीव्हर उचलायची, कानाला लावायची आणि ठेवून द्यायची. गेलनला आपल्या दारात दुसऱ्याची गाडी दिसली तर काय वाटेल, रविवारी त्याच्या आईशेजारी कुठल्या तोंडाने बसायचं, एवढंच तिच्या डोक्यात. तिच्या नावाने मी करायला हवा होता. तोही केला नाही.

आता जमीन गोठली. पहार मारली तर उडते. उतार होणार तो वसंतातच. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, की असू दे, इथली टर्की बरी असते. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. निघताना मला म्हणाले, की कोट घेऊन जा, इथे उगाच लोंबकळतोय. मी गाडीत बसून ढसाढसा रडले गं.

जप.

ताई

टूसॉन
२८ जानेवारी १९७९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल पोचले. घरात सगळे माझ्याशी दबकून बोलतायत. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जो तो म्हणत होता, की ऑर्विल शांतपणे गेला. कसला शांतपणे? माझे बाबा घर मागत मागत गेले! गेलन शवपेटीला खांदा द्यायला उभा राहिला तेव्हा मी त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. आईने माझी बाही घट्ट धरली.

आणि आता गोठलेली जमीन सुटून कबर खणता येईपर्यंत बाबांना स्मशानातल्या त्या दगडी खोलीत ठेवायचं. मेल्यावरही ताटकळत! माझा डोळ्याला डोळा लागत नाही. दफनाला मी येणार. कधी ते नक्की कळव.

तुझी,
मार्लिस

नॉर्डाल
१३ मे १९७९

चि. मार्लिस,

बाबांना तीन तारखेला मातीत ठेवलं. तुला कळवलं नाही. आई म्हणाली, मुलांच्या परीक्षा आहेत, तिला कशाला धावपळ. आणि मी ऐकलं. मला काय बोलायचं ते बोल.

त्याच आठवड्यात गेलन आला, कुणी न बोलावता. खड्डे खणले, खांब रोवले, उतार केला, कठडा लावला, बाथरूम पुरी केली. काम झकास आहे. कठड्यावरून हात फिरवला तर कुठे कुसळ लागत नाही. ते बघून माझा तोल गेला. मी विचारलं, की हेच सप्टेंबरात का केलं नाहीस रे.

तो म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही. तुझी आई दर वेळी घाई नाही म्हणायची. तरी शंका आली म्हणून तो शुश्रूषागृहात जाऊन बाबांना विचारून आला होता. आणि बाबा त्याला म्हणाले, की मी इथे मजेत आहे, आधी त्या दंतवैद्याचं उरक, त्याची बायको कटकटी दिसते. गेलन फळीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणत होता, की एक शब्द बोलला असतात तर दंतवैद्याला ठेवला असता बाजूला.

मार्लिस, आपले बाबा! रोज माझा हात धरून घरी ने म्हणणारे!

आई दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता त्याची समजूत काढेल, आत बोलावेल. ती कठड्याला धरून उतारावरून खाली आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, की गेलन, मला माझा माणूस घरी हवा होता रे. जन्मात पहिल्यांदा तिने कुणाकडे काही मागितलं, तेही मिळण्यासारखं उरलं नाही तेव्हा.

तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. जेवत नाही, बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही.

तुला लिहायला बसले, आणि आमचं बरं चाललंय, सवडीने ये, असं लिहून कागद फाडला. पुन्हा बसले तर पुन्हा तेच लिहिलं. बरं चाललेलं नाही. मला एकटीला हे झेपत नाही. परीक्षा असोत, रजा मिळो न मिळो, तू मला इथे हवी आहेस. हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ.

ताई